मदतनीस कुणाची?

"गेल्या सात दिवसांत घरातल्या कुणी, अगदी तासभर का होईना, काही काम केलं का?"

घरात मयताचा अकरावा दिवस, आणि उंबऱ्याबाहेर उभी राहून एक पोरगी मला हे विचारत होती.

"सुतकात काम करणारी अवलाद आमची नाही," मी म्हटलं. "का? नाही केलं तर सरकार धरून नेणार?"

तिची नजर माझ्या खांद्यावरून आत गेली. भिंतीला टेकवलेला ह्यांचा फोटो, त्यापुढे समई. तिनं पटकन चपला काढल्या, जशी काही चपलांचीच चूक होती.

"माफ करा आजी. मला कुणी सांगितलं नाही. मी परत आले असते, पण माझी ही घरं याच आठवड्यात व्हायला हवीत."

"आजी म्हणू नको. मला नातू नाही अजून."

"मावशी."

"हां. ये आत. चहा मिळायचा नाही, चूल बंद आहे. पाणी पी."

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. तिचं नाव हर्षला गांगुर्डे, सिन्नरकडची. गळ्यात सरकारी ओळखपत्र आणि हातात पाटीएवढा फोन. देशात किती माणसं कामाला आहेत, किती बेकार आहेत, ते मोजायला घरोघर फिरते म्हणाली. मी मनात म्हटलं, बेकार मोजायला सरकारनं हिला कामाला लावलंय, म्हणजे एक तरी कमी झाला.

खरं तर त्या दिवशी मी कुणालाच आत घेतलं नसतं. पण रंगनाथभाऊजी यायचे होते, आणि मला त्यांच्यासमोर एकटीला बसायचं नव्हतं.

त्याचं असं होतं. आम्ही येवल्याचे, पैठणी विणणारे. आमच्या घराण्यात रीत आहे. घरातला विणकर गेला की त्याचा माग धुतल्या धोतरानं झाकायचा. तेराव्याला आळीतली चार माणसं बसवायची, धोतर काढायचं, आणि आडवा धागा नेणारा पहिला धोटा एकानं टाकायचा. ज्यानं धोटा टाकला, माग त्याचा. कागद नाही, सही नाही. दुसरी रीत अशी की विणकर बसतो त्या मागाच्या खड्ड्यात बाईनं पाय सोडायचा नाही. तिनं कांड्यांवर धागा भरावा, तुटलेला धागा सांधावा आणि बाजूला व्हावं.

आमच्या घरात आता पुरुष म्हणजे माझा कैलास. त्याला धोटा कुठल्या बाजूनं धरतात हे ठाऊक नव्हतं. म्हणून माझे धाकटे दीर, रंगनाथभाऊजी, राख सावडायच्या दिवशीच सगळ्यांदेखत बोलले होते, "तेराव्याला धोटा मी टाकीन. आप्पाचा माग बंद पडू देणार नाही." लोकांनी माना हलवल्या. केवढा भावाचा जीव! भाऊजींचं पेठेत साड्यांचं दुकान, मागच्या बाजूला सहा मागांचा कारखाना. आमचा माग तिथं सातवा होणार होता. त्यावर अर्धी साडी चढलेली होती तीसुद्धा.

मी काही बोलले नव्हते. बोलायचं तर जे सांगावं लागलं असतं, ते सांगायचं नाही असं मी त्या फोटोतल्या माणसाला कबूल केलं होतं.

पोरगी भिंतीशी मांडी घालून बसली. "या घरात एका चुलीवर जेवणारी माणसं किती?"

"चूल कशाला मोजतेस?"

"घर एक असलं तरी चुली वेगळ्या असू शकतात ना मावशी. आमच्या हिशेबी एका चुलीवर रोज जेवतात ते एक कुटुंब."

मला हसू आलं असतं, दिवस वेगळा असता तर. सोळा वर्षांपूर्वी भाऊजी तवा काखेत मारून या घरातून निघाले होते. मधली भिंत नंतर घातली. सरकारला भिंतीच्या आधी तवा कळला होता.

"दोघं. मी आणि माझा मुलगा."

तिनं फोटोकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "गेलेल्या माणसाचं नाव यात येत नाही मावशी."

"मी सांगितलं का घाल म्हणून?" मी फाडकन म्हटलं. त्रेचाळीस वर्षं रेशनकार्डावर, मतदारयादीत, सगळीकडे मी त्यांच्या नावाखाली होते. वरचं नाव गळून पडलं की खालचं आपोआप वर सरकतं, हे मला त्या क्षणी कळलं.

कैलास आतून आला. एकतीस वर्षांचा, नव्यानं भादरलेलं डोकं, आणि त्या डोक्यावर सारखा फिरणारा हात.

"याचं लिही बेकार," मी म्हटलं. "बारावी झालेला आहे. बिचाऱ्याला काम मिळत नाही."

"दादा, या सात दिवसांत काम शोधलंत?"

"सुतकात कसा शोधणार?"

"बोलावणं आलं असतं तर गेला असतात?"

"छे. केस काढलेले."

"बरं, सुतकाच्या आधी? महिन्याभरात कुठं अर्ज, कुणाला विचारणं, ओळखीत सांगून ठेवणं?"

कैलासनं डोक्यावरचा हात थांबवला. "म्हणजे तसं... मनात होतं."

"वर्षभरात?"

"मनात होतं," तो पुन्हा म्हणाला.

पोरीनं पाटीवर बोट टेकवलं. "मग मावशी, यांना बेकार म्हणता येणार नाही."

"का? काम करत नाही, हे मी आई असून सांगते!"

"काम नाही एवढ्यानं बेकार होत नाही माणूस. काम नसावं, आणि ते मिळावं म्हणून शोधत असावा, नाहीतर मिळालं तर करायला तयार तरी असावा. दोन्ही नसेल तर तो काम करणाऱ्यांतही नाही आणि बेकारांतही नाही. बाहेरचा."

"कशाच्या बाहेरचा?"

"श्रमशक्तीच्या. काम करणारे आणि काम शोधणारे मिळून जे होतात त्यांच्या बाहेरचा."

कैलास माझ्याकडे बघायला लागला आणि मी त्याच्याकडे. गेली दहा वर्षं मी लोकांना सांगत होते, माझा मुलगा बेकार आहे. त्या शब्दाआड आम्ही दोघं लपलो होतो. ही पोरगी आली आणि तिनं पांघरूण ओढलं. ना रागावली, ना हसली. मी तांदूळ पाखडलेत, डाळ पाखडलीय, पण माणसं अशी पाखडणारं सूप मी पहिल्यांदाच पाहिलं. मला राग यायला हवा होता. त्याऐवजी मी पुढं सरकून बसले.

"अजून काय काय आहे तुझ्या त्या पाटीत?" मी विचारलं.

तेवढ्यात भाऊजी आले. एका हातात माझ्या जावेनं, कौसल्येनं पाठवलेला जेवणाचा डबा, दुसऱ्या हातात मोजायचा टेप. डबा त्यांनी माझ्यापुढं ठेवला आणि टेप घेऊन सरळ मागाकडे गेले.

"दारातून निघेल ना हा सबंध, बघतो," म्हणाले. मग पोरीकडे लक्ष गेलं. "ह्या कोण?"

"सरकारकडून आल्यात," कैलास म्हणाला. "मला बाहेरचा केलं."

"बरं केलं." भाऊजींनी टेपची जीभ ओढली. "वहिनी, यांना लवकर मोकळं करा. तुमचं काय, घरकाम लिहून टाका. झालं."

मीही तेच सांगणार होते. आमच्या घरातल्या बायका काम करत नाहीत, हे सांगण्यात माझी सासू मिरवायची, आणि तिच्यामागं मी. पोरीनं बोट पाटीवर नेलं, पण टेकवलं नाही. तिचं लक्ष झाकलेल्या मागाकडे होतं.

"हा चालू आहे का?"

"सुतकात बंद असतो," मी म्हटलं. "अकरा दिवस झाले. तेराव्याला उघडणार. म्हणजे तुझ्या सात दिवसांत बघशील तर या घरात काही हललेलं नाही. लिही, काम नाही."

"नाही मावशी, तसं नाही लिहीत."

"का? तूच म्हणालीस, सात दिवस."

"काम आहे, पण आजारपण, लग्न, दुःख अशा काही कारणानं त्या आठवड्यात केलं नाही, आणि परत सुरू व्हायचंय, तर ते काम गेलं असं धरत नाहीत. तो माणूस कामावरचाच. थोडे दिवस नसलेला, एवढंच."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. कुठं दिल्ली, कुठं आमची आळी! तिथं बसून ज्यानं कुणी हे ठरवलं असेल, त्यानं आमचं सुतक कधी पाहिलं असेल? कुणाच्या तरी घरी माग झाकलेला असेल, हात थांबलेले असतील, आणि तरीही ते हात रिकामे मोजायचे नाहीत, हे त्याच्या डोक्यात कसं आलं असेल? अकरा दिवस भेटायला आलेला जो तो म्हणत होता, संपलं हो सगळं. आणि कागद म्हणत होता, थांबलंय.

"मग मावशी, या मागाचं तुम्ही काय काय करत होता?"

"मी? मी काय करणार. कांड्या भरायचे. धागा सांधायचे. जरीचा धागा उलगडायचे. ते काय काम आहे?"

"त्याबद्दल पगार?"

"नवऱ्याकडून पगार?" भाऊजी मोठ्यानं हसले, मग फोटो आठवून खोकले.

"पगार नसला तरी ते काम," पोरगी म्हणाली. "घरच्या धंद्यात, घरातलं जे माणूस तो धंदा चालवतं त्याला, पगार न घेता जो मदत करतो, तो मदतनीस. आणि मदतनीस म्हणजे काम करणाराच. मजुरी मिळणाऱ्या माणसाइतकाच मोजतात."

"सगळीकडे?"

"सगळीकडे."

त्रेचाळीस वर्षं. मी मनात कांड्या मोजायला लागले आणि सोडून दिलं, कुणाला मोजता येतील? मला तिसरीतून शाळेतून काढलं ते कांड्या भरायलाच. सासरी आले ती कांड्या भरायलाच. आणि कुणी विचारलं की सांगायचे, छे हो, मी घरीच असते.

"घ्या वहिनी," भाऊजी टेप गुंडाळत म्हणाले, "मदतनीस झालात. खूश? लिहा हो बाई. मदतनीस. आणि निघा."

पोरगी लिहायला गेली आणि थांबली. तिच्या कपाळावर आठी पडली.

"काय झालं?"

"मदतनीस लिहिलं की यात लगेच विचारतात, धंदा चालवणारं माणूस कोण. ते याच कुटुंबातलं लागतं." ती एकदा कैलासकडे, एकदा माझ्याकडे बघत म्हणाली, "मदतनीस कुणाच्या तुम्ही मावशी?"

समईची वात तडतडली.

"आप्पाची," भाऊजी म्हणाले.

"ते आता यादीत नाहीत काका."

"मग माझी लिहा. परवापासून माग मीच चालवणार आहे."

"तुम्ही इथं राहता?"

"भिंतीपलीकडे. एकच घर हे, वडिलांचं."

"चूल?"

भाऊजींनी डब्याकडे बोट केलं. "हे काय! अकरा दिवस या घरात माझ्याच चुलीवरचं अन्न येतंय. विचारा वहिनींना. खोटं असेल तर सांगा म्हणावं."

खोटं नव्हतं. आमच्यात तेराव्यापर्यंत मयताच्या घरी चूल पेटत नाही, भाऊबंद डबा देतात. ज्या घासाला नाही म्हणता येत नाही, तोच घास भाऊजींनी माझ्यापुढं हक्क म्हणून ठेवला होता. अकरा दिवस मी तो खाल्ला होता. मी पोरीकडे पाहिलं. तिनं हो म्हटलं असतं तर माग गेलाच होता.

ती वीस-बावीस वर्षांची पोर. समोर पेठेतला दुकानदार. तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि म्हणाली, "काका, हे दुःखाचं जेवण. आम्ही रोजचं धरतो. रोजची चूल कुठली?"

"सोळा वर्षं झाली," कैलास एकदम बोलला. "काकांनी तवा नेला तेव्हा मी शाळेत होतो. मला आठवतंय. तवा गरम होता, काखेत चटका बसला होता त्यांना."

"तू गप रे बाहेरच्या!" भाऊजी लाल झाले. "मग याचंच नाव घाला. पोरगा आहे. वारस आहे. चालवणारा कैलास, मदतनीस आई. संपवा."

"दादा, माग तुम्ही चालवता?"

भाऊजी डोळ्यांनी त्याला दटावत होते. हो म्हणाला असता तर तेराव्याला तो धोटा काकांच्या हाती देऊन मोकळा झाला असता, हे मलाही कळत होतं आणि त्यालाही. त्यानं हात पुन्हा डोक्यावर नेला.

"मला नाही येत," म्हणाला. मग जरा थांबून, "मी बाहेरचाच लिहा."

माझ्या पोराबद्दल मला अभिमान वाटावा असा तो पहिला प्रसंग.

"मग," पोरगी माझ्याकडे वळली, "सुतकाच्या आधी या मागावर बसत कोण होतं मावशी?"

"माझा भाऊ!" भाऊजी गरजले. "पेठेत कुणालाही विचारा. शेवटची चार वर्षं तर असा हात चालला त्याचा की काय सांगू! म्हातारपणी माणसाची नजर मंदावते, याच्या काठावरची मुनिया उलट जिवंत झाली. आधी नुसती समोर बघायची. या चार वर्षांत तिनं मान वळवली. पाठीवरून मागं बघते. गिऱ्हाईक नाव घेऊन मागतं, मान वळवलेली मुनिया द्या. अख्ख्या येवल्यात दुसऱ्या कुणाला ती जमत नाही."

मुनिया म्हणजे पैठणीच्या काठावरचा राघूसारखा पक्षी. भाऊजी ते बोलत होते आणि मी पदराखाली माझा डावा हात उजव्या हातानं घट्ट धरून ठेवला होता. जसा लहानपणी आई धरायची. मी डावरी. जेवताना, वाण देताना, नमस्कार करताना त्या हातावर किती फटके बसलेत ते त्यालाच ठाऊक.

मी फोटोकडे पाहिलं. चार वर्षांपूर्वी ह्यांच्या हातांना कंप सुटला. कपातला चहा बशीत सांडायचा, मुनियेची चोच कशी जुळणार? एका दुपारी ह्यांनीच दाराला कडी घातली आणि म्हणाले, उतर खड्ड्यात. मी म्हटलं, रीत? म्हणाले, रीत कडीच्या बाहेर आहे. तेव्हापासून रोज दुपारी कडी लागायची. मी खड्ड्यात, हे खिडकीशी. मला रंगांचा अंदाज नाही, तो सगळा ह्यांचा. हिरव्यावर शेंदरी किती घरं घ्यायचा, मोरपंखी कुठं तोडायचा, ते खिडकीतून सांगायचे आणि मी विणायचे. उजव्या हाताच्या माणसानं चोच जिथून सुरू करावी तिथून मला साधेना, म्हणून मी उलट बाजूनं सुरू केली आणि मुनियेची मान वळली. हे बघत बसले. म्हणाले, असू दे. छान दिसते.

पण लोक वाहवा करायचे तेव्हा हे घरी येऊन तोंड भिंतीकडे करून झोपायचे. "मी आता बसून खाणारा," म्हणायचे. "बायकोच्या हातावर जगणारा. कुणाला सांगू नकोस गं." मी शब्द दिला होता.

आता सांगितलं तर त्यांची अब्रू जाणार होती, आणि नाही सांगितलं तर माग.

"पोरी," मी म्हटलं, "आधी मला एक सांग. समज, एका घरात एक माणूस मागावर बसतो. दुसरा माणूस खिडकीशी बसून त्याला रंग सांगतो. धागा तुटला तर ओरडतो. विणलेलं उजेडात धरून चूक दाखवतो. हात त्याचे चालत नाहीत. पगार घेत नाही. त्याला तुझ्या पाटीत काय म्हणतात? बसून खाणारा?"

तिनं क्षणभरही विचार केला नाही. "मदतनीस. तोही काम करणाराच मावशी."

"त्याच्या हातून एक धागा विणला गेला नाही तरी?"

"तरी. त्याच्यावाचून ते काम तसं झालं असतं का?"

"नसतं झालं," मी म्हटलं. "एक बोटभरसुद्धा नसतं झालं."

आणि मला रडू आलं. अकरा दिवसांत आलं नव्हतं ते. चार वर्षं ज्या माणसानं भिंतीकडे तोंड करून स्वतःला रिकामा म्हटलं, त्याच्यासाठी शब्द होता. तयार होता. सरकारच्या कागदात छापलेला होता. आम्हाला तो कुणी आणून दिला नाही, एवढंच. अकरा दिवस उशीर झाला त्या पोरीला.

मी उठले. मागाशी गेले. धोतर पूर्ण काढलं नाही, तेरावा व्हायचा होता, नुसता कोपरा वर केला. काठावर सात मुनिया होत्या, आठवी गळ्यापर्यंत आलेली. मी डावा हात पदराबाहेर काढून तिच्या वळत्या मानेवर ठेवला.

"भाऊजी, तुमचा उजवा हात इथं ठेवून बघा. ही मान उजव्या हाताला वळत नाही."

ते पुढं वाकले. माझ्या हाताकडे बघितलं, मग मुनियेकडे, मग पुन्हा हाताकडे. दुकानदार माणूस, माल ओळखण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. कळायला वेळ लागला नाही.

"चार वर्षं?" एवढंच म्हणाले.

"चार वर्षं आणि सहा महिने. तुम्ही गिऱ्हाइकाला जे जे सांगत होता ना, ते कौसल्या मला येऊन सांगायची. फार गोड वाटायचं."

"मेलेल्या माणसाची अब्रू काढताय वहिनी." पण आवाजात जोर नव्हता.

"मी नाही काढली. पोरीला विचारा, तो माणूस कोण होता. शेवटच्या दिवसापर्यंत कामावर होता तुमचा आप्पा." मी डोळे पुसले आणि परत येऊन बसले. "लिही गं. मागावर मी बसते. धंदा मी चालवते. मी कुणाची मदतनीस नाही."

"स्वयंरोजगारी," ती लिहिता लिहिता पुटपुटली.

"काय ते लिही. लांबलचक आहे, बरं दिसेल."

भाऊजींनी टेप खिशात टाकला. दारापर्यंत गेले, थांबले, आणि मागं न वळता म्हणाले, "डबा खाऊन घ्या. कौसल्येनं भरलं वांगं दिलंय." तो माणूस वाईट नाही. मालावर डोळा असतो, इतकंच.

तेराव्याला आळी जमली. कुजबुज तर होणारच. मी धोतर काढलं, खड्ड्यात पाय सोडले आणि धोटा डाव्या हातानं टाकला. एक म्हातारे गृहस्थ उठून जायला निघाले. भाऊजींनी त्यांना हाताला धरून बसवलं आणि म्हणाले, "बसा काका. मान वळताना बघून जा."

तीन महिन्यांनी दुपारी दार वाजलं. हर्षला. शहरातल्या घरांना आम्ही पुन्हा पुन्हा येतो, म्हणाली, तेच सगळं नव्यानं विचारायला. आता घरात चूल होती, मी तिला चहा पाजला. दाराला कडी नव्हती. मी मागावरून न उठता उत्तरं दिली.

"कैलासदादा?"

"त्याचं लिही, बेकार!" मी अभिमानानं सांगितलं. "महिनाभर रोज सकाळी निघतो. नाशिकपर्यंत चार ठिकाणी विचारून आलाय. आता तो बाहेरचा नाही."

ती हसली. "आणि तुम्ही मावशी? गेल्या सात दिवसांत?"

"रोज. उजेड आहे तोवर."

"मदतीला कुणी?"

मी काठाशी आले होते. मुनियेच्या पंखाला रंग बदलायचा होता. हिरव्या आणि शेंदरी अशा दोन्ही कांड्या समोर होत्या. मी सवयीनं मान वळवली आणि खिडकीकडे बघून विचारलं, "कुठला घेऊ?"

खिडकीत ऊन होतं, आणि ह्यांची रिकामी चटई. ती मी काढली नव्हती.

पोरीचं बोट पाटीवर अधांतरी राहिलं. "कुणाला विचारलंत?"

"मदतनिसाला," मी म्हटलं. "ते तुझ्या कागदात येत नाहीत, मला ठाऊक आहे. पण जरा थांब, त्यांना वेळ लागतो."

ती थांबली.

मी शेंदरी उचलली.